प्लेयर्स हँडबुक, २०२४ : खेळाडूंना विचारून लिहिलेले नियमपुस्तक

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या काल्पनिक जगात पात्रे होऊन खेळायच्या खेळाचे 'प्लेयर्स हँडबुक', म्हणजे खेळाडूंचे नियमपुस्तक, १७ सप्टेंबर २०२४ रोजी नव्या रूपात प्रकाशित झाले. आधीचे, म्हणजे २०१४ चे पुस्तक ३२० पानांचे होते. हे ३८४ पानांचे आहे. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने त्याला सहावी आवृत्ती म्हटलेले नाही. हे पाचव्याच आवृत्तीचे सुधारित नियम आहेत आणि जुन्या पुस्तकांबरोबर ते वापरता येतील, अशी तिची भूमिका आहे. एक चालू मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी साहसकथा, जुन्या नियमांवरून या नियमांवर आणल्यानंतर आणि दुसरी नवख्या खेळाडूंसह पहिल्यापासून याच पुस्तकावर चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या खेळाचे इतके स्पष्ट आणि हाताळायला इतके सोयीचे हँडबुक आजवर निघाले नव्हते. मात्र जुने काहीही बाद होणार नाही, हे आश्वासन पाळण्याच्या ओढाताणीत काही निर्णय अर्धवट राहिले आहेत आणि त्या अर्धवटपणाचा भार डंजन मास्टरच्या, म्हणजे कथा आणि राक्षस चालवून निकाल देणाऱ्याच्या, अंगावर येतो.

कागद, पेन्सिल आणि फासे यांवर चालणाऱ्या खेळात नियम बदलणे नाजूक असते. एकेक मोहीम वर्षानुवर्षे चालते. खेळाडू आपले पात्र पहिल्या लेव्हलपासून वाढवत नेतो, त्याच्या ताकदी त्याला तोंडपाठ झालेल्या असतात आणि कोणत्या प्रसंगात आपण काय करायचे याचे आडाखे त्याने मनाशी बांधलेले असतात. अशा पात्राची एखादी ताकद नव्या पुस्तकात कमी झाली, तर त्यामागचे संतुलनाचे कारण कितीही रास्त असले तरी खेळाडूला ती आपल्या पात्रात केलेली ढवळाढवळच वाटते. शिवाय जुने पुस्तक कपाटात असतेच आणि त्यावर खेळायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून या खेळाच्या प्रत्येक नव्या पुस्तकाची पहिली स्पर्धा त्याच्याच आधीच्या पुस्तकाशी असते आणि ती त्याने जिंकलीच पाहिजे असा काही नियम नाही.

या स्पर्धेचा इतिहास जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला तेव्हा त्याच्या पहिल्या छपाईत केवळ एक हजार संच होते आणि नियम इतके त्रोटक होते की, मधल्या रिकाम्या जागा प्रत्येक गटाला आपापल्या समजुतीने भराव्या लागत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने असॅसिन (मारेकरी) हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, आणि हाफ-ऑर्क हा वंश खेळाडूंच्या मुख्य पुस्तकातून काढून टाकला; तरीही ज्यांना ती पात्रे हवी होती त्यांनी ती जुन्या पुस्तकातून उचलून खेळणे चालूच ठेवले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने तर मूळ हिशेबच उलटा केला. तोपर्यंत आर्मर क्लासचा आकडा जितका लहान तितका बचाव चांगला असे. त्यानंतर तो जितका मोठा तितका चांगला झाला. या बदलाबद्दल सुरुवातीला कुरकुर झाली, पण एका वीस बाजूंच्या फाशावर सगळे निकाल लावण्याची पद्धत इतकी सरळ होती की बहुतेकांनी ती मनापासून स्वीकारली. तीनच वर्षांनी ३.५ अशा क्रमांकाने सुधारित पुस्तके आली, तेव्हा मात्र तक्रार नियमांपेक्षा तीच पुस्तके पुन्हा विकत घेण्याबद्दल होती.

२००८ ची चौथी आवृत्ती या इतिहासात सर्वांत जास्त बोलकी आहे आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तिची सावली आजच्या पुस्तकावरही पडलेली आहे. या आवृत्तीने प्रत्येक क्लासला एकाच साच्यातल्या ताकदी दिल्या : काही हव्या तेव्हा वापरायच्या, काही एका चकमकीत एकदा आणि काही दिवसातून एकदा. लढाईच्या दृष्टीने ही रचना विलक्षण सुबक होती. तलवार चालवणाऱ्यालाही आपल्या पाळीला जादूगाराइतकेच पर्याय मिळू लागले. पण पहिल्या हँडबुकमध्ये आठच क्लास होते. ड्रुइड, बार्ड, बार्बेरियन, मंक आणि सॉर्सरर यांना त्यात जागा नव्हती, नोम हा वंशही नव्हता, आणि ज्याचे पात्र यांपैकी होते त्याला नव्या आवृत्तीत पाऊल ठेवायलाच वाट नव्हती. त्यातच इतर प्रकाशकांना तिसऱ्या आवृत्तीचे नियम वापरू देणारा जो मुक्त परवाना २००० पासून होता, त्याऐवजी नव्या आवृत्तीसाठी अधिक जाचक अटींचा परवाना आला. परिणाम असा झाला की पायझो या प्रकाशनसंस्थेने जुन्या परवान्याच्याच आधाराने ३.५ चे नियम पुढे नेऊन २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा स्वतंत्र खेळ काढला आणि नाराज खेळाडूंचा मोठा वर्ग तिकडे गेला. चौथ्या आवृत्तीतील लढाईचे नियम वाईट होते म्हणून हे घडले, असे मला वाटत नाही. जे खेळाडूंच्या हातात होते ते काढून घेतले गेले आणि परतीचा रस्ता दुसऱ्याच कोणी तरी खुला ठेवला, म्हणून ते घडले.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हा धडा घेतला. तिच्या नियमांचे मसुदे २०१२ पासून खुलेपणाने वाचकांसमोर ठेवले गेले होते. २०२४ च्या पुस्तकाने तीच पद्धत पुढे चालवली. ऑगस्ट २०२२ पासून मसुदे येत राहिले, प्रत्येकावर खेळाडूंची मते मागवली गेली आणि त्या मतांनी खरोखरच निर्णय फिरवले. पहिल्याच मसुद्यात असे सुचवले होते की, वीसचा फासा पडल्यावर होणारा दुप्पट फाशांचा घाव फक्त खेळाडूंच्या पात्रांनाच मिळावा, राक्षसांना नाही. लढाईतला धोकाच निघून जाईल, असे म्हणत खेळाडूंनी तो फेटाळला. ड्रुइडने प्राण्याचे रूप घेताना प्रत्येक प्राण्याची वेगळी माहिती न वापरता जमिनीवरचा, पाण्यातला वा हवेतला असा एक ठरावीक साचा वापरावा, ही कल्पनाही अशीच मागे घ्यावी लागली. हिशेब सोपा झाला असता हे खरे, परंतु अस्वल आणि कोळी यांच्यातला फरक ज्याला प्रिय आहे तोच मुळात ड्रुइड खेळतो, ही गोष्ट मसुदा लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटली होती. वॉरलॉक या करारातून जादू मिळवणाऱ्या क्लासची जादू वापरण्याची खास पद्धत मोडून त्याला इतरांसारखे स्पेल स्लॉट, म्हणजे स्पेल (मंत्र) टाकण्याच्या मोजक्या संधी, देण्याचा प्रयत्न झाला आणि तोही परत घेतला गेला.

या पद्धतीचे फळ पुस्तकाच्या मांडणीत लगेच दिसते. खेळ कसा खेळायचा हे प्रकरण आता अगदी सुरुवातीला आहे. २०१४ च्या पुस्तकात वाचकाला आधी वंश, क्लास आणि साहित्य यांतून वाट काढावी लागे आणि ज्या नियमांमुळे त्या सगळ्याला अर्थ येतो ते नियम पुस्तकाच्या उत्तरार्धात भेटत. नव्या पुस्तकात डंजन मास्टर आणि खेळाडू यांच्यातील संवादाची उदाहरणे नियमांच्या शेजारी दिली आहेत, तीही केवळ नमुन्यादाखल नाहीत. फासा कधी टाकायचा आणि कधी टाकायचाच नाही हे नवख्या माणसाला त्यातून नेमके कळते. शेवटचे परिशिष्ट म्हणजे नियमांचा कोश आहे. पात्र जमिनीवर पडले, आंधळे झाले, कोणी त्याला धरून ठेवले, अशा प्रत्येक स्थितीची व्याख्या त्यात वर्णानुक्रमे मिळते. खेळ चालू असताना शंका निघाली की पूर्वी तीन प्रकरणे चाळावी लागत. आता एकाच ठिकाणी बोट ठेवता येते. केवळ या परिशिष्टासाठीही हे पुस्तक टेबलावर असावे, असे मी म्हणेन.

क्लास बाराच आहेत, पण प्रत्येकाला चार याप्रमाणे ४८ सबक्लास (क्लासच्या उपशाखा) आहेत. त्यांतील मंक या मुठींनी लढणाऱ्या क्लासचे पुनर्लेखन सर्वांत यशस्वी आहे. २०१४ चा मंक दिसायला चपळ आणि प्रत्यक्षात सतत कसलीतरी चणचण सोसणारा होता. शत्रूपासून निसटायचे तरी ताकदींसाठीचे मोजके गुण खर्च करा, वेगाने धावायचे तरी खर्च करा, आणि मग मूळ लढाईसाठी काही उरत नसे. आता या दोन्ही गोष्टी साध्या रूपात विनाखर्च करता येतात, मुठीच्या घावाचा फासा सुरुवातीलाच चारऐवजी सहा बाजूंचा आहे, आणि तिसऱ्या लेव्हलपासून केवळ बाण नव्हे तर तलवारीचा घावही परतवता येतो. ज्या खेळाडूने हा क्लास कंटाळून सोडला होता त्याला तो पुन्हा द्यावा, इतका हा बदल चांगला आहे.

शस्त्रनैपुण्याचे नियम (शस्त्राच्या प्रहाराला खास परिणाम जोडणारे) हा या पुस्तकातील सर्वांत ठळक नवा भाग आहे, आणि त्याचे मोल प्रत्यक्ष एका पाळीत पाहणे बरे. पाचव्या लेव्हलच्या फायटरच्या हातात मॉल नावाचा मोठा हातोडा आहे. त्याला दोन प्रहार मिळतात. पहिला प्रहार लागला की समोरच्या राक्षसाने कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्हिंग थ्रो, म्हणजे परिणाम टाळण्यासाठीचा फासा, टाकायचा. तो चुकला तर राक्षस जमिनीवर कोसळतो. पडलेल्या शत्रूवर जवळून प्रहार करणाऱ्यांना दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज मिळते, म्हणून फायटरचा दुसरा प्रहार आणि त्याच्यामागून येणाऱ्या रोग (Rogue) या चोरटेपणाने लढणाऱ्या क्लासच्या पात्राची कट्यार दोन्ही लागण्याची शक्यता एकदम वाढते. पण त्याच वेळी लांब उभ्या असलेल्या तिरंदाजाला याच्या उलट, दोन फाशांतला लहान आकडा घ्यायला लावणारे डिसअ‍ॅडव्हांटेज येते, कारण पडलेल्या शत्रूवर दुरून नेम साधणे अवघड. आता फायटरने शत्रूला पाडावे की नाही, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. माझ्या टेबलावर तिरंदाज खेळणाऱ्या मैत्रिणीने "थांब, माझी पाळी होऊ दे, मग पाड" असे म्हणायला सुरुवात केली, तेव्हा या नियमाने काय साधले आहे ते मला स्पष्ट दिसले. पूर्वी आपली पाळी येईपर्यंत मान खाली घालून बसणारे खेळाडू आता दुसऱ्याच्या पाळीतही गुंतलेले असतात.

याची किंमतही आहे आणि ती वेळात मोजावी लागते. प्रत्येक लागलेल्या घावागणिक आणखी एक फासा पडतो. फायटरने अ‍ॅक्शन सर्ज ही जादा कृतीची ताकद वापरली तर एकाच पाळीत चार प्रहार आणि त्यांमागून येणारे सेव्हिंग थ्रो होऊ शकतात. गटात शस्त्र चालवणारी तीन पात्रे असतील तर लढाई लांबते, आणि डंजन मास्टरला कोणता राक्षस पडला आहे, कोणाचा पुढचा प्रहार कमजोर होणार आहे, कोणाचा वेग घटला आहे याची नोंद ठेवत बसावे लागते. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ग्रेटसोर्डचा प्रहार चुकला तरी थोडी इजा होणे, किंवा घावाबरोबर शत्रूला दहा फूट मागे ढकलणे, या कल्पना चौथ्या आवृत्तीत होत्या आणि त्या काळी शस्त्रधारी पात्रांना जादूगार बनवल्याचा आक्षेप त्यांवर घेतला गेला होता. शत्रूचे निम्मे हिट पॉइंट (जीवशक्तीचे गुण) गेल्यावर येणारी 'ब्लडीड' ही स्थितीदेखील त्या आवृत्तीतूनच परत आली आहे. आज त्याच कल्पनांचे स्वागत होत आहे, कारण त्या हळूहळू, मते मागवून आणि ओळखीच्या चौकटीत बसवून आणल्या गेल्या आहेत.

पॅलाडिन या शपथबद्ध पवित्र योद्ध्याच्या बाबतीत मात्र खेळाडूंची नाराजी मला समजू शकते. पूर्वी घाव लागल्यावर पाहिजे तितक्या वेळा स्पेल स्लॉट खर्चून त्यात दैवी तेज मिसळता येत असे, आणि वीसचा फासा पडल्यावर ते मिसळण्याचा क्षण म्हणजे अख्ख्या टेबलाने उभे राहण्याचा क्षण असे. आता डिव्हाइन स्माइट हा एक स्पेल आहे, त्याला पाळीत एकच मिळणारी जोडकृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन लागते, म्हणून एका पाळीत तो एकदाच होतो. शत्रूपक्षाचा जादूगार तो काउंटरस्पेल या प्रतिमंत्राने अडवूही शकतो. एकाच पाळीत सारे स्लॉट ओतून मोठा शत्रू संपवून टाकण्याला आळा घालणे आवश्यक होते, हे मला मान्य आहे. परंतु स्पर्शाने जखमा भरण्याची पॅलाडिनची ताकददेखील आता बोनस अ‍ॅक्शनवरच आहे, त्यामुळे क्लासच्या दोन सर्वांत देखण्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. पाळीत एकदाच, एवढी मर्यादा घालून बोनस अ‍ॅक्शनची अट सोडून दिली असती तरी हेतू साधला असता.

रेंजर या रानातल्या शिकारी क्लासची अवस्था त्याहून निराशाजनक आहे. या क्लासचा जवळजवळ सारा डोलारा हंटर्स मार्क या, निवडलेल्या शत्रूला जादा इजा करणाऱ्या, एकाच स्पेलवर उभा केला आहे. तो काही वेळा विनाखर्च मिळतो हे चांगले, पण त्यावर एकाग्रता लागते, म्हणजे एका वेळी असा एकच स्पेल चालू ठेवता येतो, आणि रेंजरचे इतर अनेक उत्तम स्पेलही एकाग्रतेचेच आहेत. वीस लेव्हल चढून गेल्यावर सर्वोच्च ताकद म्हणून मिळते ती एवढीच की, या स्पेलच्या घावाचा फासा सहाऐवजी दहा बाजूंचा होतो. ज्या क्लासबद्दल खेळाडू दहा वर्षे तक्रार करत होते त्याला इतके भित्रे उत्तर मिळावे, याचे मला वाईट वाटते.

पात्र घडवण्याच्या पद्धतीत केलेला बदल मोठा आहे. २०१४ मध्ये वंशावरून गुण मिळत : एल्फ चपळ, ड्वार्फ काटक. त्यामुळे जादूगार व्हायचे असेल तर ठरावीक वंशच निवडण्याकडे कल राही. २०२० मधील पूरक पुस्तकाने हे गुण हवे तेथे टाकण्याची मोकळीक दिली. आता वंश या शब्दाऐवजी प्रजाती हा शब्द आला आहे, अशा दहा प्रजाती आहेत, आणि गुणवाढ प्रजातीकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे, म्हणजे बॅकग्राउंडकडे दिली आहे. जन्मापेक्षा आयुष्यात काय केले त्यावरून अंगी गुण यावेत, हे तत्त्व मला पटते, आणि त्याबरोबर प्रत्येक बॅकग्राउंड एक फीट (खास हातोटी) देते हेही छान आहे. पण बॅकग्राउंड सोळाच आहेत आणि प्रत्येकाला तीनच गुण जोडून दिले आहेत. गुन्हेगारीतून आलेल्या पात्राला डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन किंवा इंटेलिजन्स वाढवता येते. त्याच बॅकग्राउंडमधून गोड बोलून लोकांना गंडवणारा गुन्हेगार घडवायचा तर करिश्मा वाढवता येत नाही. म्हणजे पूर्वी जे बंधन प्रजातीवर होते तेच आता पूर्वायुष्यावर आले. आश्चर्य असे की, जुन्या पुस्तकातले बॅकग्राउंड वापरल्यास हे पुस्तक गुणही मनाप्रमाणे वाढवू देते आणि फीटही हवी ती घेऊ देते. नव्यापेक्षा जुन्यालाच अधिक मोकळीक, असा हा उलटा प्रकार झाला आहे. स्वतःचे बॅकग्राउंड तयार करण्याची रीत डंजन मास्टरच्या पुस्तकात ठेवली आहे; ती याच पुस्तकात असायला हवी होती.

सबक्लास आता सर्वांनाच तिसऱ्या लेव्हलला मिळतो. नवख्यांसाठी हे सोयीचे आहे, कारण निवड करण्याआधी क्लासची ओळख होते. पण ज्या वॉरलॉकची सारी जादूच कोण्या अमानवी शक्तीशी केलेल्या करारातून येते, त्याचा तो करार कोणाशी झाला आहे हे नियमांच्या दृष्टीने दोन लेव्हलपर्यंत ठरलेलेच नसते. माझ्याकडे ही निवड कथेपुरती पहिल्याच दिवशी करून घेतली जाते, आणि इतर डंजन मास्टरांनीही तसेच करावे असे मी सुचवेन.

लहान नियमांमध्ये बहुतेक बदल चांगले आहेत. थकव्याची जुनी पद्धत सहा वेगवेगळ्या पायऱ्यांची होती आणि कोणत्या पायरीवर काय होते हे कोणालाच आठवत नसे. आता प्रत्येक पायरीला वीस बाजूंच्या फाशावर दोन वजा आणि वेगात पाच फूट वजा, सहाव्या पायरीला मृत्यू, एवढेच लक्षात ठेवायचे. बेसावध गाठले गेलेल्या पात्राची पूर्वी पहिली पाळीच बुडत असे. आता इनिशिएटिव्हच्या, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणाऱ्या, फाशावर डिसअ‍ॅडव्हांटेज येते. दबा धरून बसणाऱ्या खेळाडूंना यात आपली मेहनत फुकट गेल्यासारखी वाटते, परंतु राक्षसांनी दबा धरला तेव्हा हाच नियम अख्ख्या गटाला वाचवतो. जखमा भरणाऱ्या स्पेलची ताकद वाढवली आहे, क्युअर वूंड्सला एकाऐवजी आठ बाजूंचे दोन फासे मिळतात, आणि साथीदार बेशुद्ध पडेपर्यंत वाट पाहण्याची सवय त्यामुळे कमी होते.

लपण्याच्या नियमाने मात्र घोळ केला आहे. पुरेसा आडोसा असेल, शत्रूच्या नजरेत नसाल आणि स्टेल्थचा फासा पंधरा किंवा अधिक पडला, तर पात्राला 'अदृश्य' ही स्थिती मिळते. कुजबुजीहून मोठा आवाज केला, प्रहार केला, बोलून करायचा स्पेल टाकला किंवा शत्रूने शोधून काढले तर ती संपते. आता लपलेला रोग खांबामागून निघून उजेडातल्या दालनातून चालत गेला तर काय? शब्दशः वाचले तर वरीलपैकी काहीच घडलेले नाही, म्हणून तो अदृश्यच. व्यवहाराने पाहिले तर पहारेकऱ्याला तो दिसलाच पाहिजे. शत्रूने शोधून काढणे म्हणजे नेमके काय, हे एका वाक्यात सांगितले असते तर हा वाद उद्भवलाच नसता. इतक्या काळजीने लिहिलेल्या कोशात, आणि जवळजवळ प्रत्येक सत्रात लागणाऱ्या नियमात, ही उणीव खटकते.

पुस्तकाच्या पानांबाहेर घडलेल्या दोन गोष्टींचा उल्लेख येथे करणे भाग आहे, कारण या पुस्तकाकडे खेळाडू ज्या नजरेने पाहतात ती त्यांतून घडली आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुक्त परवान्याचा एक नवा मसुदा बाहेर फुटला. त्यात जुना परवाना रद्द ठरवण्याचा आणि मोठ्या उत्पन्नाच्या प्रकाशकांकडून हिस्सा घेण्याचा बेत होता. खेळाडूंनी डी अँड डी बियाँड या डिजिटल सेवेची सभासदत्वे रद्द करायला सुरुवात केली, आणि २७ जानेवारीला प्रकाशकांनी माघार घेत पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले, जे आता परत घेता येणार नाहीत. तोवर पायझोने आपला खेळ त्या परवान्यापासून मोकळा करायचे ठरवून टाकले होते आणि त्याच वर्षी 'पाथफाइंडर'ची पुनर्लिखित पुस्तके काढली. दुसरी गोष्ट ऑगस्ट २०२४ मधली. त्याच डिजिटल सेवेवरील पात्रांच्या नोंदींमध्ये जुने स्पेल आणि जादूच्या वस्तू यांच्या जागी २०२४ चे रूप आपोआप येईल, असे जाहीर झाले. ज्यांनी जुनी पुस्तके पैसे देऊन तेथे घेतली होती त्यांनी याला कडाडून विरोध केला आणि काही दिवसांतच तो निर्णय फिरवण्यात आला. या दोन्ही वेळी संतापामागे कोणताही एखादा नियम नव्हता. मसुद्यात नको असलेली गोष्ट सुचवली गेली तेव्हा याच खेळाडूंनी शांतपणे प्रश्नावल्या भरून दिल्या होत्या. जे आपल्याकडे आहे ते न विचारता बदलले जाईल, ही भीती दिसताच ते उठून गेले. नव्या नियमांचा मूलभूत भागही एप्रिल २०२५ मध्ये त्याच खुल्या परवान्याखाली आला, हे योग्यच झाले.

राहता राहिला प्रश्न जुने आणि नवे एकत्र वापरण्याचा. जुन्या साहसकथा नव्या पात्रांना घेऊन खुशाल चालवाव्यात. नवी पात्रे थोडी अधिक ताकदवान असल्याने एखादा राक्षस वाढवावा लागतो, इतकेच. पण एकाच टेबलावर एक पात्र जुन्या पुस्तकाचे आणि दुसरे नव्या पुस्तकाचे असेल तर मात्र दमछाक होते. दोघांच्या स्पेलचे नाव एक आणि परिणाम वेगळा असतो. काउंटरस्पेल हे ठळक उदाहरण : जुन्यात तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल आपोआप अडत असे, नव्यात समोरच्याने सेव्हिंग थ्रो टाकायचा असतो आणि तो चुकला तरी त्याचा स्लॉट खर्च होत नाही. कोणाचा काउंटरस्पेल कोणत्या पुस्तकाप्रमाणे, हे ऐन लढाईत ठरवत बसणे कोणालाच सुखाचे नाही. 

म्हणून माझा सल्ला असा आहे. नव्याने खेळ सुरू करणाऱ्या गटाने हेच पुस्तक घ्यावे, त्याबद्दल दुमत नसावे. ज्यांची मोहीम अर्ध्यावर आहे त्यांनी आधी सर्व खेळाडूंना विचारावे आणि बदलायचे ठरले तर कथेतील एखाद्या विसाव्याच्या टप्प्यावर सगळी पात्रे एकदमच नव्या नियमांवर आणावीत. जुना सबक्लास ठेवायचा असेल तर त्याच्या ताकदी तिसऱ्या लेव्हलपासून द्याव्यात, पण स्पेल सर्वांचे एकाच पुस्तकातले असू द्यावेत. ज्यांची मोहीम शेवटाकडे आली आहे, आणि विशेषतः ज्यांच्या गटात मोठ्या लेव्हलचा पॅलाडिन आहे, त्यांनी ती जुन्या नियमांवरच पूर्ण करावी. छापील प्रत घेणाऱ्यांनी प्रकाशकांचे शुद्धिपत्रही सोबत ठेवावे. कॉन्ज्युअर मायनर एलिमेंटल्स या स्पेलची मोठ्या स्लॉटमागे होणारी इजेची वाढ पहिल्या छपाईत बेसुमार होती आणि नंतरच्या दुरुस्तीत ती अर्ध्यावर आणली गेली आहे. पहिल्या छपाईची प्रत वापरणाऱ्या टेबलावर हा एक स्पेल तरी पेन्सिलीने दुरुस्त करून घ्यावा.